पिवळ्या अक्षतांची केस

बंगळूरच्या आमच्या मराठी मंडळात मी एकच भाषण तीनदा केलं आहे. विषय, गाडीच्या शोरूमने फसवलं तर काय करायचं. आधी लेखी तक्रार द्या, उत्तर आलं नाही तर नोटीस पाठवा, तरी हलले नाहीत तर ग्राहक आयोगात जा. वकील लागतोच असं नाही. दोन वर्षांच्या आत जा. साधी चिठोरीसुद्धा फेकू नका. शेवटी मी हात उंचावून विचारायचो, "सही करण्याआधी काय करायचं?" आणि सगळं सभागृह ओरडायचं, "वाचायचं!" मग टाळ्या, मग नारळ, मग उपमा.

त्या भाषणातला एकूण एक शब्द खरा होता. खोटा फक्त वक्ता होता.

बघा, लिहून टाकलं. इतकी वर्षं हे वाक्य लपवून ठेवलं होतं आणि आता कागदावर आलं तर मला शाळकरी पोरासारखं हसू फुटतं आहे. बायकोने आतून विचारलंसुद्धा, "काय झालं हो?"

"काही नाही, लिहितोय."

"मग हसता कशाला? खरं लिहा."

खरंच लिहितो आहे, म्हणून तर हसतो आहे.

मी मूळचा सांगलीकडचा. सरकारी विमान कारखान्यात नोकरी लागली म्हणून पंचविशीत बंगळूरला आलो आणि बसवनगुडीत रुजलो. कारखान्यात मी तपासणी विभागात होतो. तिथे प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक असलेला शिक्का मिळायचा. भाग हातात घ्यायचा, मोजायचा, कागदावर लिहायचं, मग शिक्का मारायचा. आमच्या साहेबांचं एक ब्रह्मवाक्य होतं. जे लिहिलेलं नाही, ते झालेलं नाही. तेहतीस वर्षं मी त्या वाक्यावर पगार घेतला, आणि निवृत्त झाल्यावर त्याच वाक्याच्या आड लपून एका बाईचं नाव खराब केलं.

गाडी घ्यायचं कारण माझे साडू. ते पुण्याला असतात. त्यांनी मोठी गाडी घेतली आणि दर रविवारी फोनवर मला तिची खुशाली ऐकवू लागले. "काल महाबळेश्वरला नेली. चढावर हूं नाही की चूं नाही!" आम्ही नवरा-बायकोने उभा संसार स्कूटर आणि बसवर केला होता, त्यामुळे मला उलट सांगण्यासारखं काही नसायचं. एका वर्षी त्यांचं दसऱ्याला आमच्याकडे यायचं ठरलं. फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, "स्टेशनवर रिक्षा मिळतात ना हो तुमच्याकडे?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "रिक्षा कशाला? आमची गाडी येईल."

आमची गाडी तेव्हा अस्तित्वात नव्हती.

बायको शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "रंग कुठला घेतलात?"

"लाल," मी म्हणालो. एकदा बोललो की मागे हटत नाही, हा माझा दुर्गुण.

शोरूममध्ये आमचं काम एका चाळिशीच्या बाईंकडे आलं. केसांत मोगरा, हातात कागदांची जाड फाइल, बोलणं कन्नड आणि हिंदीची खिचडी. आमचं दोघांचं त्या खिचडीत उत्तम जमलं. इथे मी सगळं मराठीत लिहितो आहे. त्यांनी फाइल चाळून सांगितलं, "लाल गाडी दसऱ्यानंतर तीन आठवड्यांनी, सार्. आधी शक्य नाही." दसऱ्याच्या आदल्या दिवशी इथे आयुधपूजा असते. त्या दिवशी बंगळूरमध्ये स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा झेंडूची माळ घालून बसतो, तिथे गाड्यांना किती मागणी असेल! मी रोज शोरूमला खेटे घालू लागलो. शेवटी पूजा दोन दिवसांवर आलेली असताना त्यांचा फोन आला.

"सार्, एक लाल गाडी आहे. पण आधी या, ऐका, मग हो म्हणा."

मी गेलो. त्यांनी मला बाजूला बसवलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. पाच दिवसांपूर्वी एका कुटुंबाने ती गाडी घेतली होती. मुहूर्त गाठायचा म्हणून नोंदणी व्हायच्या आधीच शोरूममध्ये पूजा करून देवळापर्यंत नेली. त्याच संध्याकाळी त्यांच्या घरात आजोबा वारले. गाडी अपशकुनी ठरली आणि परत आली.

"वीस किलोमीटर चालली आहे, सार्. ओरखडा नाही. मी फॉर्मवर तसं लिहिते, मॅनेजरकडून सूट घेऊन देते. तुम्ही खाली सही करा."

"लिहू नका," मी म्हणालो.

"का?"

"आमच्याकडे सगळे कागद बायको वाचते."

यात तसूभरही अतिशयोक्ती नव्हती. बायको शाळेत शिक्षिका होती. ती बिस्किटाच्या पुड्यामागचा मजकूर वाचते, बसच्या तिकिटाची मागची बाजू वाचते, औषधाच्या खोक्यातली ती पातळ घडी उलगडून, चष्मा लावून, शेवटपर्यंत वाचते आणि मग म्हणते, "हे घेऊ नका."

"मग मॅडमना सांगा की. गाडी चांगली आहे."

"सांगेन हो सावकाश. दसरा तर होऊ दे."

त्या थोडा वेळ फाइलवर बोटं वाजवत राहिल्या. "सार्, लिहिलं नाही तर उद्या माझ्यावर येईल."

"तुमच्यावर कसं येईल? मी आहे ना!"

मी आहे ना. आपण मराठी माणसं हे किती सहज बोलतो! लग्नाच्या मांडवात, दवाखान्याच्या दारात, कुणाला जामीन राहताना. मी ते हिंदीत म्हटलं होतं, पण छाती अस्सल मराठीत फुगली होती.

आयुधपूजेला गाडी दारात आली. पूजा बायकोनेच केली. चाकांखाली लिंबं ठेवली, मी कोहळा फोडला, तिने तिच्या लाल अक्षता टाकल्या. दुसऱ्या दिवशी मी साडूंना आणायला स्टेशनवर गेलो. साडूंनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, दार उघडून दोनदा आपटलं आणि म्हणाले, "पत्रा जरा पातळ वाटतो." तेवढ्या एका वाक्यासाठी मी हे सगळं केलं होतं.

बायकोला सावकाश सांगायचं ते राहून गेलं. राहून गेलं म्हणजे मी राहू दिलं.

दिवाळीनंतर एका सकाळी ती चित्रकलेचा जुना ब्रश घेऊन गाडीच्या फटी साफ करत होती. तिची ती रीतच आहे. शिलाई यंत्र, मिक्सर, टेलिफोन, सगळ्यांच्या फटी तिने या ब्रशाने साफ केलेल्या आहेत. मी पेपर वाचत होतो.

"अहो, इकडे या."

तिच्या तळहातावर कागद होता आणि कागदावर तांदळाचे सात दाणे. पिवळे.

"ह्या कुणाच्या अक्षता?"

"आपल्याच. दसऱ्याच्या."

"आपल्या कुंकवाच्या असतात. लाल. ह्या हळदीच्या आहेत, इथली माणसं करतात तशा."

"रंग उडाला असेल."

"लाल रंग उडाला की पिवळा होतो?" ती म्हणाली. "तपासणी खात्यात होतात ना तेहतीस वर्षं?"

"मग शोरूमवाल्यांनी टाकल्या असतील."

"आपल्याला किल्ली दिली तेव्हा कुणी काही टाकलं नाही. फोटो आहेत माझ्याकडे."

पुढच्याच आठवड्यात गाडीची पहिली सर्व्हिसिंग होती. एरवी ती काउंटरवरची कामं माझ्यावर सोडते. त्या दिवशी स्वतः जाऊन उभी राहिली आणि या गाडीच्या सगळ्या नोंदी दाखवा म्हणाली. तिथल्या माणसाने कॉम्प्युटर तिच्याकडे वळवला. आमच्या तारखेच्या आधीची एक नोंद होती. पूजेसाठी दिली, दुसऱ्या दिवशी परत.

घरी येताना गाडी मी चालवत होतो. ती समोर बघत म्हणाली, "तुम्हाला कुणी काही सांगितलं होतं?"

तोच तो क्षण. गाडी सिग्नलला उभी होती, समोरचा दिवा लाल होता, माझ्याकडे भरपूर वेळ होता. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "फसवलं आपल्याला!" इतक्या जोरात म्हणालो की शेजारचा रिक्षावाला दचकून बघायला लागला. आणि मग मला तो आवाज आवडला. रागावलेल्या माणसाला कुणी प्रश्न विचारत नाही, हा शोध मला सत्तरीला टेकताना लागला.

तिथून पुढची दोन वर्षं म्हणजे एक मोठा आकाशपाळणा होता. बायकोने तक्रार लिहिली. शोरूमने उत्तर दिलं नाही. तिने नोटीस लिहिली. उत्तर आलं, ते तिने लाल पेनने तपासलं. मग ग्राहक आयोगाच्या पोर्टलवर तक्रार दाखल केली. गाडी माझ्या नावावर, म्हणून तक्रारदार मी, आणि माझ्या वतीने बोलायचा अधिकार तिला. ते सात दाणे तिने प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून, शेजारी फूटपट्टी ठेवून, फोटो काढून जोडले. परिशिष्ट सात. शपथपत्र तिने मला मोठ्याने वाचून दाखवलं. "गाडी आधी दुसऱ्यास दिली गेल्याचे मला कोणीही सांगितले नव्हते." मी सही केली. मनात म्हणत होतो, लिहिलेलं कुठे आहे? जे लिहिलेलं नाही, ते झालेलं नाही.

सुनावणीच्या दिवशी बायको सुती साडी नेसून, पिशवी घेऊन उभी राहिली. शोरूमचे वकील म्हणाले, "या अक्षता तक्रारदाराच्याच पूजेतल्या आहेत." बायकोने पिशवीतून दोन वाट्या काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. एकीत लाल अक्षता, एकीत पिवळ्या. "ही आमची पद्धत, ही इथली पद्धत. पंचेचाळीस वर्षं इथे राहते, पण अक्षता मी माझ्या आईसारख्याच करते." अध्यक्ष चष्मा लावून वाट्यांवर वाकले. पुकारा करणाऱ्या शिपायाने सवयीने हात जोडले. आयोगात हसू पसरलं आणि मी तर अभिमानाने नुसता तरंगत होतो. काय बाई आहे! ती माझ्या खोट्यावर उभी आहे, हे मी त्या क्षणी साफ विसरलो होतो.

आठवण त्या बाईंनीच करून दिली. शोरूमने त्यांना साक्षीला आणलं होतं. केसांत मोगरा नव्हता. त्या सरळ म्हणाल्या, "मी सार् ना सगळं सांगितलं होतं. मी लिहिते म्हणाले. सार् म्हणाले, लिहू नका."

अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. "हे खरं आहे?"

"नाही," मी म्हणालो.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. राग नव्हता त्या बघण्यात. एखाद्याने उजव्या पायात डावी चप्पल घातलेली दिसावी आणि सांगावं की नाही कळू नये, तसं त्या बघत होत्या.

आम्ही जिंकलो. शोरूमने गाडी बदलून द्यावी, भरपाई द्यावी. निकालात एक ओळ होती. "विक्री प्रतिनिधीने ग्राहकास तोंडी कल्पना दिल्याचे म्हणणे विश्वासार्ह वाटत नाही." शोरूमने वरच्या आयोगात अपील केलं, त्यामुळे गाडी बदलणं लांबलं. पण त्या ओळीचा आधार घेऊन बाईंना त्यांनी लगेच काढून टाकलं. हे मला समजलं होतं. मी मंडळात भाषण द्यायला लागलो तेव्हा समजलेलंच होतं. भाषण बायकोने द्यावं असा मंडळाचा आग्रह होता. ती म्हणाली, "मी बोलायचं तिथे बोलले." म्हणून मी. नारळ घेताना मला थोडं गरगरायचं, ते मी रक्तदाबावर ढकलायचो.

आमची मुलगी बंगळूरच्याच दुसऱ्या टोकाला, मारतहळ्ळीला राहते. मागच्या हिवाळ्यात तिला भाजी-बिजी आणायला इलेक्ट्रिक स्कूटर हवी होती. ती म्हणाली, "बाबा, कोपऱ्यावर दुकान आहे, तुम्हीच बघून या ना. तुम्ही तर कन्झ्युमर एक्सपर्ट!" मी मिशीत हसत गेलो.

दुकानात त्याच बाई होत्या.

त्यांनी मला ओळखलं. माझी पावलं दाराकडे वळली होती, पण त्या म्हणाल्या, "या सार्. कुणासाठी हवी?" आणि कुठल्याही गिऱ्हाइकाला सांगावी तशी स्कूटरची माहिती द्यायला लागल्या. बॅटरीची हमी किती, चार्जिंगला किती वेळ, साचलेल्या पाण्यात घालू नका. सगळं झाल्यावर एक जाड वही पुढे केली.

"इथे सही करा, सार्."

"मी अजून घेतलेली नाही."

"घेतल्याची नाही. ऐकल्याची सही."

वहीत त्यांनी सांगितलेला प्रत्येक मुद्दा लिहिलेला होता आणि खाली जागा. मी मागची पानं उलटली. पानामागून पान सह्याच सह्या. कन्नड, इंग्रजी, हिंदी, एक अंगठासुद्धा.

"हे कधीपासून करता?"

"तेव्हापासून, सार्."

टोमणा नव्हता. म्हणून तर तो इतका बसला. मी सही केली. मग त्या स्वतःच म्हणाल्या, "एका मोठ्या शोरूममध्ये मॅनेजरची जागा आहे. माझी मुलाखत झाली. त्यांनी नेटवर तो निकाल वाचला. म्हणाले, या ओळीचं काय ते महिनाभरात सांगा, मग ठरवू. काय सांगू, सार्? मी सांगते ते विश्वासार्ह नाही, असं तर लिहिलेलंच आहे."

लिहिलेलं आहे, म्हणजे झालेलं आहे. माझं ब्रह्मवाक्य दुसऱ्या टोकाने येऊन माझ्या टाळक्यात बसलं.

मी स्कूटर न घेताच बाहेर पडलो. मुलीला फोनवर म्हणालो, "गाडी चांगली आहे, मी वाईट आहे." ती म्हणाली, "बाबा, ऊन लागलं का? रिक्षा करून घरी जा."

घरी न जाता मी आमच्या गल्लीतल्या वकिलांकडे गेलो. पन्नाशीचे कन्नड गृहस्थ आहेत. मी त्यांना सगळं सांगितलं आणि विचारलं, "माझ्यावर मीच केस करू शकतो का?"

त्यांनी कॉफीचा पेला खाली ठेवला, कारण हसण्याने ती सांडायला लागली होती. "अंकल, हरलेली केस जिंकून द्या म्हणणारे मला रोज भेटतात. जिंकलेली हरवून द्या म्हणणारे तुम्ही पहिले! भांडायला दोन माणसं लागतात. तुम्ही एकटेच आहात."

"मग उपाय?"

"शोरूमचं अपील अजून चालू आहे ना? तिथे नवीन शपथपत्र द्या. तेव्हा खोटं बोललो, खरं हे आहे. लवकर सुनावणीचा अर्ज मी करतो. शोरूमवाले तर तुम्हाला हार घालतील."

"आणि मला काय होईल?"

"रागावतील. दंड होईल. फारच मनावर घेतलं तर फौजदारी."

"तुरुंग?"

"तुमचं वय बघून, बहुधा नाही."

"बहुधा?"

"बहुधा. पण मॅडमना सांगावं लागेल, अंकल. तुमच्या वतीने त्याच बोलत होत्या."

"तुरुंगच बरा," मी म्हणालो आणि आम्ही दोघे पुन्हा हसायला लागलो. ते गमतीने हसत होते, मी भीतीने, पण बाहेरून फरक कळला नसता. घरापर्यंत तो "बहुधा" माझ्यापुढे टणाटण उड्या मारत चालला होता.

बायको अवरेकाई सोलत बसली होती. हिवाळ्यात इथे या शेंगांचा मोसम असतो. दाणे भिजवायचे आणि दोन बोटांत दाबायचे, साल हातात राहते आणि दाणा सुटतो. मी तिच्यासमोर पाटावर बसलो आणि एका दमात सगळं सांगितलं. लाल गाडी, आजोबा, लिहू नका, मी आहे ना, आयोगातलं "नाही", मारतहळ्ळीची वही. ती सोलतच राहिली. फक्त दाणे जास्त जोरात उडायला लागले. एक माझ्या चष्म्यावर आपटला, एक थेट देवघरात गेला.

शेवटी ती म्हणाली, "म्हणजे मी खोटी केस जिंकले."

"केस खोटी नव्हती गं. त्यांनी लिहून द्यायलाच हवं होतं. खोटा मी होतो."

"छान वाक्य आहे. मंडळात म्हणा."

अजून एक दाणा उडाला.

"आणि मला का नाही सांगितलंत? मी काय केलं असतं?"

"तू गाडी घेऊ दिली नसतीस. अपशकुनी म्हणून."

"आजोबा घरात गेले, गाडी बाहेर उभी होती. गाडीचा काय संबंध?" तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मला सातवीत नापास झाल्यासारखं वाटलं. "वर सूट मिळत होती. मी डोळे मिटून घेतली असती!"

यावर मला जे हसू आलं ते थांबेना. इतक्या वर्षांचं खोटं, आणि ते मुळात लागणारच नव्हतं! ती हसली नाही. तिने हात धुतले, डोळ्यांना पदर लावला, आणि कपाटातून केसची फाइल काढली. "बसा. शपथपत्र मी लिहिते. तुम्ही सांगा. या वेळी प्रत्येक शब्द मी तपासणार आहे." चार दिवस ती माझ्याशी फक्त शपथपत्रापुरतं बोलली. "सांगितले की कळवले?" "सांगितले." "स्पष्टपणे?" "हो." "मग लिहिते, स्पष्टपणे."

वरच्या आयोगात आमचा पुकारा झाला. बायको उठली तेव्हा खंडपीठाने विचारलं, "मॅडम, खाली तुम्ही यांच्या बाजूने होता. आज कुणाच्या?"

"आज यांच्या विरुद्ध," ती म्हणाली. "डबा मात्र दोघांचा एकच आणलाय."

शोरूमचे वकील टाळ्या वाजवायचेच बाकी होते. खंडपीठाने मला उभं करून झाडलं, आणि मी खाली मान घालून, आयुष्यात कधी इतका आनंद झाला नव्हता अशा आनंदाने ते ऐकून घेतलं. भरपाई नाही, गाडी बदलून नाही, उलट मला दंड, ग्राहक कल्याणाच्या निधीत भरायचा. शोरूमलाही सुनावलं, की अशी गोष्ट कागदावर न देणं ही तुमचीच चूक, विक्री करणाऱ्या बाईंवर ती ढकलता येणार नाही. आणि मग ती ओळ. "विक्री प्रतिनिधीविषयीचा शेरा वगळण्यात येत आहे. त्यांनी ग्राहकास स्पष्टपणे सांगितले होते." स्पष्टपणे! बायकोचा शब्द.

मंडळात मी चौथं भाषण केलं. या वेळी नारळ मिळाला नाही. मग मागून एक आजी म्हणाल्या, "बरं, उपमा तरी आहे ना?" होता. मला वाढलासुद्धा.

निकालाची प्रत घेऊन आम्ही दोघे मारतहळ्ळीला गेलो. गाडी तीच लाल. आता बायको चालवते, माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. बाईंनी त्यांना थांबवलं आणि सगळी पानं उभ्या उभ्या वाचली. मला वाटलं होतं त्या काहीतरी बोलतील. मी माफीची वाक्यं पाठ केली होती, कन्नडमध्ये.

"मॅडमनी वाचलं?" त्यांनी विचारलं.

"दोनदा," बायको म्हणाली.

"मग ठीक असेल." त्यांनी त्या पानाचा फोटो काढून कुठेतरी पाठवला. मी माझी पाठ केलेली वाक्यं सुरू केली. त्यांनी ती मधेच थांबवली. "सार्, त्या दिवशी आयोगात मला वाटलं, मीच सांगायला विसरले की काय. खूप दिवस वाटत होतं. म्हणून ही वही." एवढंच. क्षमा केली असं त्या म्हणाल्या नाहीत आणि मी ती मागायचं धाडसही केलं नाही. त्या गिऱ्हाइकांकडे वळल्या. आम्ही मुलीसाठी स्कूटर घेतली. ऐकल्याची सही बायकोने केली, पूर्ण वाचून, एक चूक दुरुस्त करून.

काल त्यांचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"सार्, ती जागा मिळाली. सोमवारी जाते आहे. मॅडमना सांगा."

मला इतकं उचंबळून आलं की खुर्चीतून उठलोच. "फार छान! फार छान झालं! आणि कधी काही लागलं तर, मी आ..."

बायकोने झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. पण पलीकडे ऐकू गेलं होतं. त्या हसल्या, त्यांचं हसू मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"लिहून द्या, सार्," त्या म्हणाल्या.